सरकारची स्तुती

१८९८ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने राजद्रोहाचे १२४-अ कलम नव्याने लिहून अधिक घट्ट केले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २५ मार्चच्या शुक्रवारी, पुण्यात ‘काळ’ नावाचे साप्ताहिक निघाले. संपादक शिवराम महादेव परांजपे. मूळचे महाडचे, वय तेहतीस, संस्कृतचे प्राध्यापक राहिलेले. सरकारबद्दल अप्रीती पसरवणे हा ज्या राज्यात गुन्हा, त्या राज्यात या गृहस्थांनी पुढची दहा वर्षे सरकारची स्तुती केली. दर शुक्रवारी केली, जीव ओतून केली, आणि इतकी केली की शेवटी सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.

मी महाडात मराठी आणि संस्कृत शिकवत निवृत्त झाले. शिवरामपंत २७ जून १८६४ ला इथे जन्मले, म्हणून आमच्याकडे त्यांची जयंती व्हायची. तसबिरीला हार, अगरबत्ती, पाहुण्यांचे भाषण. पाहुणे त्यांना ‘काळकर्ते’, ‘थोर देशभक्त’, ‘ज्वलंत लेखणीचे धनी’ म्हणायचे आणि पोरे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहायची. हा माणूस वाकड्या बोलण्यात पटाईत होता, सरकारची पगडी सरकारच्याच हातांनी उतरवण्यात महाराष्ट्रात कुणी त्याचा हात धरला नसता, हे त्या पोरांना कुणी सांगितलेच नाही. एका तिरकस माणसाला आपण हार घालून घालून गंभीर करून टाकले, ही माझी जुनी तक्रार आहे.

आमच्या व्याकरणात व्याजस्तुती नावाचा एक अलंकार असे. वरून स्तुती आणि आतून निंदा. पोरे व्याख्या पाठ करायची, पुस्तकातले उदाहरण पाठ करायची, गुण घ्यायची नि विसरायची. एके वर्षी मी सांगितले, उदाहरण स्वतःचे लिहून आणा. मागच्या बाकावरच्या एका पोराने शाळेच्या मुतारीवर अख्खे पान भरून आणले. पहिल्या चार ओळींत शाळेची शिस्त, परंपरा आणि मुलांच्या आरोग्याविषयीची कळकळ. पाचव्या ओळीपासून खरा मजकूर. मुतारी कुठे आहे हे नव्या मुलालासुद्धा विचारावे लागत नाही, वारा सांगतो, पाणी जपून वापरावे हा धडा शाळेने नळच न बसवता किती सहज शिकवला, वगैरे. मुख्याध्यापकांनी वही हातात घेतली, वरच्या चार ओळी वाचल्या, ‘मुलाला शाळेबद्दल आदर आहे हो, बाई,’ म्हणाले, आणि ते पान सूचनाफलकावर लावायला सांगितले. आठवडाभर मधल्या सुट्टीत फलकासमोर झुंबड होती. व्याजस्तुतीला वरच्या चार ओळी वाचून थांबणारा राजा लागतो, हे काव्यशास्त्रकार मम्मटाने सांगितलेले नाही. ते मला त्या फलकापाशी कळले.

सत्तेला तोंडावर सुनावण्याची एक जुनी रीत पाहायला आता किनाऱ्याकडे येते. माझे माहेर श्रीवर्धन. १९४८ पर्यंत ते जंजिरा संस्थानात होते, मुरुडच्या नवाबाच्या अमलाखाली. आजीचे अर्धे आयुष्य संस्थानात गेले, आणि तिच्याकडून मी शिमग्याच्या बोंबा ऐकल्या. म्हणजे मजकूर ऐकला. प्रत्यक्षात तोवर बऱ्याच सौम्य झाल्या होत्या. होळी पेटली की गावातली कुळे, गडीमाणसे, एरवी खोताच्या अंगणात चप्पल हातात घेऊन जाणारी माणसे, तोंडावर पालथा हात मारत खोताच्या नावाने बोंब ठोकायची. खोताच्या मापात किती पायल्या जिरतात, कारकुनाच्या घरी कुणाच्या झाडाचे नारळ जातात, सावकाराचा पोर कुठल्या आळीत फिरतो, सगळे जाहीर, नावानिशी, आणि मधूनमधून असे शब्द की आजी तिथे ‘पुढचं तू मोठी झालीस की सांगेन’ म्हणायची. ते तिने कधीच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी हीच मंडळी खोताच्या दारात पोस्त मागायला हजर. खोत मुकाट्याने पैसे काढून द्यायचा. न द्यावे तर रात्रीची बोंब आपल्याला लागली, हे कबूल केल्यासारखे. द्यावे तर आपण काही ऐकलेच नाही असा आव आणता येतो. दोन्ही बाजूंनी सोंग, आणि दोन्ही बाजूंना ते सोंग आहे हे ठाऊक.

पण ही सवलत होळीपुरती. शिमगा सरला की पुन्हा चप्पल हातात. शिवाय बोंब ऐकायला खोत घरात असावा लागतो. लंडनमध्ये बसलेल्या भारतमंत्र्याच्या दारात बोंब मारायची कशी?

शहाण्या माणसांनी या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक तोडगा काढून ठेवला होता. महाडहून वरंध घाटाच्या दिशेने गेले की शिवथरची घळ लागते. समर्थांनी दासबोध तिथे बसून सांगितला असे परंपरा मानते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती जागा १९३० साली शोधून काढली. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांचा. ओवीमागून ओवी नुसती यादी. कोण मूर्ख, कशाने मूर्ख, आणि जो शिकूनसवरून मूर्ख राहिला तो कसा. राजाचे, सुभेदाराचे, कुणाचेच नाव नाही. नाव नसल्यामुळेच ती यादी साडेतीनशे वर्षे शिळी झाली नाही. ऐकणारा मनातल्या मनात माणसे बसवत जातो. मी वर्गात हा समास वाचायची तेव्हा पोरे एकमेकांकडे बघून खुसखुसायची, आणि शिक्षकांच्या खोलीत वाचला असता तर तिथेही तेच झाले असते. मात्र यादीत एक उणीव आहे. ती सगळ्यांना लागू पडते, म्हणून कुणालाच बोचत नाही. मूर्ख म्हणून जो तो शेजाऱ्याला ओळखतो.

कधी कधी तर कवीची गरजच पडत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला. आधी सिंहगड, मग रायगड, मग आमचे महाड. महाडला बसून त्याने मुंबईच्या इंग्रजांकडे आपल्याला घेऊन जायला जहाजे मागितली. तिथून सुवर्णदुर्ग, तिथून समुद्रमार्गे वसई, आणि ३१ डिसेंबरला तह. राज्य कुणाच्या पदरात टाकतो आहोत हे बहुधा एकट्या त्यालाच कळत नव्हते. पेशव्यांचे मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने ते या किनाऱ्यावरून घाट चढून वर गेले आणि त्यांनी राज्य उभे केले. त्यांचाच वंशज राज्य सोडून घाट उतरून त्याच किनाऱ्याला लागला. इतिहासच असे लिहू लागला तर शाहिराने करायचे काय? शिवरामपंत महाडात लहानाचे मोठे होत होते तेव्हा ही गोष्ट जेमतेम साठ-सत्तर वर्षांची होती. वर रायगड १८१८ च्या तोफांनी मोडून पडलेला, खाली सावित्रीच्या भरतीबरोबर गलबते महाडच्या बंदराला येतात, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना पळणारा पेशवा आपल्या आज्यांच्या तोंडून माहीत. मूर्ख राज्यकर्ता हा विषय त्यांना पुस्तकात शोधावा लागला नसावा.

पुण्यात त्यांना दुसरी जात भेटली. हे राज्यकर्ते मूर्ख नव्हते, कायदेपंडित होते. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले, की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे द्वेष करायलाच हवा असे नाही. प्रेम नसले तरी पुरे. नव्या सुनेकडून सासूसुद्धा पहिल्या वर्षी एवढी अपेक्षा ठेवत नाही. टिळकांना अठरा महिने झाले, आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत द्वेष, तिरस्कार, बेइमानी, वैरभाव सगळे कलमात नीट कोंबून बसवले गेले.

संस्कृत काव्यशास्त्र शिकलेल्या माणसाला या कलमात एक दार उघडे दिसले. सरकारला प्रीती हवी आहे ना? मग घ्या. आणि घेता घेता पुरे म्हणालात तर गुन्हा तुमच्याकडून झाला.

‘काळ’ची करामत सांगायची तर उदाहरण हवे. त्यांचे उतारे इथे देत बसत नाही. त्या जातीचे एक माझेच देते, म्हणजे बरेवाईट माझ्या माथी. आमच्या जिल्ह्यात पेण-उरणकडे मिठागरे. १८८८ पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता; तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. समुद्राकाठच्या बाईने खडकाच्या खळगीत उन्हाने वाळलेले मीठ ओंजळभर उचलले तरी तो गुन्हा. यावर सरळ लिहायचे तर ‘हा जुलूम आहे’ असे लिहावे लागते, आणि मग १२४-अ. वाकडे लिहायचे तर असे: कोकणातले अडाणी लोक शेकडो वर्षे समजत होते, की मीठ समुद्र देतो. आमच्या दयाळू सरकारने मणामागे अवघे अडीच रुपये घेऊन त्यांचा हा भ्रम दूर केला. एवढ्या स्वस्तात इतके ज्ञान कोणत्या राजाने प्रजेला दिले असेल? समुद्राचे पाणी अजून फुकट मिळते, ही सरकारची नजरचूक असून ती कुणी वरपर्यंत कळवू नये.

आता यात आरोप कुठला ठेवायचा? ‘दयाळू’ या शब्दावर? आरोप ठेवणाऱ्या वकिलाला आधी कोर्टात उभे राहून शपथेवर सांगावे लागेल, की माय लॉर्ड, सरकार दयाळू आहे हे म्हणणे उघड उघड खोटे आहे, इतके खोटे, की कुठलाही वाचक ते खरे मानणार नाही. निंदा सिद्ध करायची तर आधी निंदा खरी आहे असे धरावे लागते. शिवरामपंतांचा पेच तो हा. तो त्यांनी दहा वर्षे वापरला. कधी स्तुती, कधी पुराणातला राक्षस, कधी परदेशातले एखादे स्वातंत्र्ययुद्ध, कधी निष्पाप चेहऱ्याने विचारलेली शंका. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने लोकांची हत्यारे काढून घेतली होती; सरळ लिहिणाऱ्याने त्यावर अर्ज लिहिला असता. वाकडे लिहिणारा आभार मानतो, की खांद्यावरचे ओझे उतरवलेत.

या सगळ्यात मला राहून राहून दया येते ती सरकारी भाषांतरकाराची. मुंबई सरकारात ओरिएंटल ट्रान्स्लेटरचे खाते होते. देशी वर्तमानपत्रांतून निवडक मजकूर इंग्रजीत करून दर आठवड्याला साहेबलोकांसाठी गुप्त अहवाल छापला जायचा. ‘काळ’चा अंक तिथे एखाद्या एतद्देशीय कारकुनाच्या टेबलावर येत असणार. त्याने करावे काय? शब्दाला शब्द भाषांतर केले तर साहेब वाचेल, की परांजपे नावाचा संपादक फार राजनिष्ठ आहे. आतला अर्थ लिहावा तर प्रश्न येईल, की तुला हा अर्थ सुचला कसा? सरकारविषयी असे विचार तुझ्या मनात येतात तरी कुठून? माझी खात्री आहे, महाराष्ट्रात ‘काळ’ सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक त्या खात्यातच बसत होता, आणि हसू आवरून वाचत होता.

राज्यकर्ते हळूहळू शिकले, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९०७ मध्ये खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. विराट राजाच्या घरी मेहुणा कीचक माजला आहे, द्रौपदीवर हात टाकतो, राजा काही करत नाही, धर्मराज सबुरीचा सल्ला देतो आणि भीम ऐकत नाही. महाभारतातली साधी गोष्ट. प्रेक्षक मात्र कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला बघत आणि धर्मराजाच्या जागी मवाळांना, आणि टाळ्या नेमक्या जागी पडत. साहेबाला नाटकाचा अर्थ नाटकातून कळला नसता. तो टाळ्यांवरून कळला. १९१० च्या जानेवारीत नाटकावर बंदी आली, आणि लंडनच्या टाइम्सचे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्याचा अर्थ इंग्रज वाचकांना उलगडून सांगितला. खाडिलकरांना एवढा एकाग्र टीकाकार पुण्यात मिळाला नसता.

कवितेचे तर याहून कठीण झाले. नाशिकच्या बाबाराव सावरकरांनी कवितांची एक छोटी पुस्तिका छापली. वरवर पाहता देव, दैत्य, शिवाजी महाराज, जुनी युद्धे. १९०९ च्या जूनमध्ये त्यांना त्यासाठी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या हायकोर्टात अपील न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे आले आणि फेटाळले गेले. नारायणराव चंदावरकर प्रार्थना समाजाचे पुढारी. देवादिकांच्या वेषात आजचे राज्यकर्ते उभे केले आहेत, हे ओळखायला त्यांना भाषांतरकार नको होता. इंग्रज न्यायाधीशाच्या अज्ञानात आजवर जी जागा मिळत होती, ती आपल्यातल्याच जाणत्या माणसाने बंद केली. त्यांना दोष देत नाही. पण कवितेचे इतके चोख रसग्रहण इतक्या महागात क्वचितच पडले असेल.

मधल्या काळात खुद्द शिवरामपंत आत गेले होते. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांचा बाँब पडला आणि वातावरण पालटले. सरकारने आता वरचा अर्थ वाचणेच सोडून दिले. त्या बाँबवरच्या ‘काळ’मधील लिखाणाबद्दल जूनमध्ये परांजपे पकडले गेले. त्यांच्या खटल्याच्या कामासाठी टिळक मुंबईला आले होते, तिथेच २४ जूनला तेही पकडले गेले. परांजप्यांना १९ महिने झाले, टिळकांना सहा वर्षे मंडाले. टिळकांच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि मराठी मजकुराचा निकाल इंग्रजी भाषांतरावर लागला. सात विरुद्ध दोन. आयुष्यभर शब्दांचे पदर मोजणाऱ्या दोन माणसांचा न्याय एकच पदर दिसणाऱ्या कागदावर झाला. याला व्याजोक्ती म्हणवत नाही. ही नुसती गैरसोय आहे.

पण ‘काळ’ त्या शिक्षेने मेला नाही. तो मेला १९१० मध्ये, आणि ज्या कायद्याने मेला तो कायदा मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवला असता, पण अभ्यासक्रमात कुठे बसवायचा हे कळेना. १९१० च्या फेब्रुवारीतला प्रेस ॲक्ट. त्याच्या चौथ्या कलमात सांगितले आहे, की मजकुराचा रोख प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष. अनुमानाने असो, सूचनेने असो, संदर्भाने असो, रूपकाने असो, ध्वनित अर्थाने असो वा आणखी कशाने, जामीन जप्त. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मोठ्याने हसले. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा सिद्धान्त मांडला, कुंतकाने पुढे वक्रता हाच काव्याचा प्राण म्हटले, आणि कलकत्त्याच्या कौन्सिलात बसलेल्या साहेबांनी हे सगळे एका वाक्यात उतरवून खाली दंड लिहिला. रूपकाला कायद्याने हात घातल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. दहा वर्षे दर शुक्रवारी शिकवणी घेतल्यावर विद्यार्थी अखेर अलंकारशास्त्रात उत्तीर्ण झाला, आणि त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल तर गुरुजींकडे जामीन मागितला.

त्यात खरी हुशारी पैशाची होती. १२४-अ खाली सरकारला अर्थ सिद्ध करावा लागे. नव्या कायद्यात आधी रक्कम भरून घ्यायची, आणि मजकूर आवडला नाही की ती जप्त करायची. छापखान्याचे दार उघडे ठेवायचे तर पैसा टाका. नंतर उपरोध करा, हवा तेवढा करा, त्याची किंमत आम्ही आधीच घेतली आहे. मागितलेला जामीन भरणे संपादकाच्या आवाक्याबाहेरचे होते. ‘काळ’ बंद पडला. त्यातले निवडक निबंध पुस्तकरूपाने निघाले होते, तेही सरकारने जप्त केले. त्यांच्यावरची बंदी उठली तेव्हा लेखक हयात नव्हता. खुद्द शिवरामपंतांनी १९२० मध्ये ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले, १९२२ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी पुन्हा तुरुंगात गेले, १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला वारले.

आता थोडे कटू बोलते. ‘काळ’मधले निबंध आज सरळ उघडून वाचायला बसलात तर दोन पानांत जांभई येईल. वाक्ये लांब, एका उपमेवर दुसरी चढलेली, संस्कृतचा भारा मोठा. मला स्वतःला काही निबंध ओलांडावेच लागतात. पण खरी अडचण भाषेची नाही. मूर्खलक्षणांचा समास जगला, कारण त्यात नाव नाही. ‘काळ’मधल्या प्रत्येक ओळीला एक नाव आहे, एक विशिष्ट अधिकारी, त्याने त्या आठवड्यात काढलेला एक विशिष्ट हुकूम. त्या शुक्रवारी वाचणाऱ्याला ते पाठ होते, म्हणून त्याला ओळ नुसती चाटून गेली तरी चटका बसायचा. आपल्याला तो हुकूम माहीत नाही, म्हणून आपण ‘दयाळू सरकार’ वाचतो आणि शब्द जागेवर पडून राहतो. माझ्या वर्गात एका मुलीने खरोखरच विचारले होते, ‘बाई, पण हे तर इंग्रजांच्या बाजूचे होते ना?’ सगळे हसले. मी हसले नाही. तिने १९०० सालच्या साहेबासारखे वाचले होते, आणि त्यात तिची चूक नव्हती.

२०२१ च्या जुलैत सावित्री गावात शिरली तेव्हा माझ्या खालच्या कपाटातले निवडक निबंधांचे दोन भाग भिजले. पाने सुटी करून पंख्याखाली वाळवली; काही चिकटली ती चिकटलीच. शेजारची इंजिनिअर झालेली माझीच एक विद्यार्थिनी मदतीला आली होती. पुलाखालचा गाळ, पूररेषा, कोणत्या खात्याचे पत्र कोणत्या खात्याकडे गेले, असे काय काय सांगत ती पाने उलटत होती आणि मध्येच म्हणाली, ‘बाई, पूर दाखवून आम्हाला आपली उंची मोजायला लावली, त्याबद्दल आभाराचं पत्र पाठवू या का?’ पत्र आम्ही लिहिले. ते कुठे पाठवायचे यावर आमचे एकमत झाले नाही, कारण प्रत्येक खात्याच्या म्हणण्याप्रमाणे स्तुतीचा मान दुसऱ्या खात्याचा होता.

शिकवत असताना माझी एक रीत ठरून गेली होती. परांजप्यांचा उतारा घेण्याआधी मी एक शब्द बोलायची नाही. फळ्यावर डावीकडे मिठाचे दर लिहायची, सालवार, अडीच, दोन, दीड, एक. त्याखाली शस्त्रांच्या कायद्याचे साल. त्याखाली न्यायमूर्ती स्ट्रेची यांची प्रीतीची व्याख्या. पोरे मुकाट्याने उतरवून घ्यायची. मग मी पुस्तक उघडून ‘दयाळू’ असलेले पहिले वाक्य संथपणे, अगदी जयंतीच्या पाहुण्यांच्या आवाजात वाचायची, आणि मागच्या बाकावरून कुणी तरी फिस्सकन हसेपर्यंत दुसऱ्या वाक्याला हात लावायची नाही.